सासूबाईंचा अक्रोड आणि बालाघाटच्या शिंका

काश्मीरला लोक बर्फ बघायला जातात आणि येताना अक्रोडाच्या लाकडाचा एक कोरीव डबा आणतात, ज्यात पुढे आयुष्यभर सुया-दोरे राहतात. आम्ही अक्रोडाचं लाकूड आणायला बालाघाटला गेलो. बालाघाट मध्य प्रदेशात आहे, गोंदियाच्या वरच्या अंगाला. तिथे साग, मोह, तेंदू आणि भात भरपूर. अक्रोड मिळतो तो किराणा दुकानात, दिवाळीच्या आसपास, किलोवर.

ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटची. एका रविवारी सासूबाईंच्या मोठ्या भावाचा, म्हणजे आमच्या मामांचा, बालाघाटहून फोन आला. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले मामा फोनवर धरणाच्या या काठावरून त्या काठाला बोलावं तसं बोलतात, त्यामुळे सगळं घरभर ऐकू आलं.

"सुमे, घर खाली करून राह्यलो. आमी दोघं नागपूरले पोराकडं चाललो. तुझं टेबल घेऊन जा, नाई तं विकून टाकतो मी."

टेबल म्हणजे ड्रेसिंग टेबल. सासूबाईंच्या लग्नात त्यांच्या वडिलांनी दिलेलं. पुण्यातल्या जिन्यावरून ते वर चढेना म्हणून माहेरी परत गेलं आणि तिथेच राहिलं. तेव्हापासून आमच्या घरात त्याचं बोलणं होतं, दर्शन नव्हतं. कुणाच्या लग्नात आंदणाचा विषय निघाला की आई (सासूबाईंना मी आईच म्हणते) शांतपणे सांगायच्या, "माझ्या वडिलांनी मला अक्रोडाचं दिलं होतं." ते खोडून काढणं अशक्य होतं, कारण कुणी ते पाहिलंच नव्हतं.

नवऱ्याला रजा नव्हती. त्याला रजा कधीच नसते. माझी निवड मात्र गुणवत्तेवर झाली. मी पुण्यात व्हिनियरच्या दुकानात काम करते. व्हिनियर म्हणजे लाकडाचा कागदासारखा पातळ काप, जो साध्या प्लायवर चिकटवला की गिऱ्हाईक सगळं कपाट अस्सल समजून खूश होतं. जगभरातल्या अक्रोडांचे नमुने माझ्या पर्समध्ये असायचे, इतर बायकांच्या पर्समध्ये टिकल्या असतात तसे.

"तू बघून सांग, कोणत्या जातीचा आहे," आई म्हणाल्या. अक्रोड आहे का, हा प्रश्न नव्हताच.

कोल्हापूर-गोंदिया गाडीने निघालो. ज्यांना हा प्रवास करायचाय त्यांनी एक लक्षात ठेवावं: ही गाडी घाई करत नाही. जेवणाचा डबा दोन वेळांचा घ्या आणि पुस्तक जाड घ्या. आमच्याकडे पुस्तक नव्हतं, म्हणून दौंड गेल्यावर मी नमुने काढले आणि बर्थवर मांडले.

पहिला काश्मीरचा. इराण, फ्रान्स, इंग्लंड इथलाही हाच, झाड एकच. बदामी-तपकिरी रंग आणि मधून शाई ओघळल्यासारख्या काळ्या रेघा. कोरायला याच्यासारखं लाकूड नाही, सुरी वळवली तरी कडा ढासळत नाही. बुंध्याच्या तळाचं, मुळाकडचं लाकूड सगळ्यात गडद आणि सगळ्यात महाग. इंग्रज त्याला 'इंग्लिश' म्हणतात, अशी त्यांची बऱ्याच गोष्टींबाबत सवय होती.

दुसरा अमेरिकेचा काळा अक्रोड. चॉकलेटी, ताज्या कापावर जांभळट झाक, रेषा सरळ, शिस्तीच्या. बाहेरचं पांढरं लाकूड आतल्या गडद लाकडात खपून जावं म्हणून त्याला वाफवतात. बाकीची बरीच लाकडं वयानुसार काळवंडतात, हा उलट फिका होत जातो. आणि मुळांतून जमिनीत असं काही सोडतो की शेजारी टोमॅटोचं रोप जगत नाही.

"आमच्या मोठ्या जाऊबाई," आई म्हणाल्या आणि नमुना खाली ठेवला.

मग अमेरिकेतलाच पांढरा अक्रोड, नखाने ओरखडा उठेल इतका मऊ. जपानचा फिका आणि हलका. दक्षिण अमेरिकेचा इतका गडद की पॉलिशवाल्याला काम उरत नाही. हे सगळे एका घराण्यातले. त्यानंतर नुसत्या नावाचे अक्रोड सुरू होतात. आफ्रिकेचा अक्रोड खरं तर महोगनीच्या नात्यातला. ऑस्ट्रेलियाचा तर दालचिनीच्या कुळातला, आणि त्याच्या अंगात वाळूसारखे कण असतात, त्याने करवतीचे दात बोथट होतात. ब्राझीलचा पाण्यात टाकला तर बुडतो आणि त्यात खिळा ठोकला तर खिळा वाकतो. तपकिरी रंगाचं लाकूड परदेशात विकायचं असलं की व्यापारी त्याला अक्रोड म्हणून मोकळे होतात. मीही त्याच व्यापारातली, त्यामुळे फार बोलत नाही.

समोरचे अकोल्याचे काका बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, "यातला खायाचा कोणता?"

दुसऱ्या दिवशी गोंदिया. स्टेशनबाहेर तर्री, म्हणजे तिखट लाल रस्सा, घातलेले पोहे खा, पण पांढरा शर्ट घालून नको. तिथून पुढे तेव्हा छोटी लाइन होती (आता मोठी झाली, वेळ वाचतो, मजा गेली). छोट्या लाइनचा डबा म्हणजे दोन्ही बाजूंच्या माणसांचे गुडघे मधोमध भेटतात. पेरूच्या टोपल्या, सायकली, धानाची पोती आणि एक निवांत शेळी, सगळे तिकिटावर होते असं मी म्हणणार नाही. बाघ नदीचा पूल ओलांडला की मध्य प्रदेश. दोन्ही बाजूंना कापलेलं भाताचं रान, मधूनमधून मळणी चाललेली.

या पुलाच्या आसपास कुठेतरी माझी सासू बदलली. तीसेक वर्षं 'कशाला', 'मला', 'बरं का' असं शुद्ध तुपातलं बोलणारी बाई पेरूवालीला म्हणाली, "काहून वो, इतके महाग? मले येथचे भाव माहीत नाई का?" पेरूवालीने मुकाट्याने भाव उतरवला. माझ्याकडे न बघता आई पेरू खात राहिल्या.

बालाघाट स्टेशनवर मामा आले होते. घर सायकल रिक्षाने पाच मिनिटांवर. दारात मामी उभ्या होत्या, बारीक, नीटनेटक्या, कमी बोलणाऱ्या. पाया पडले तर म्हणाल्या, "बस. चहा ठेवला." घरात अर्धं सामान बांधलेलं, भिंतींवर फोटो काढल्याचे चौकोन. मधल्या खोलीत, खिडकीशेजारी, ते टेबल.

सुंदर होतं, हे आधी सांगते. उंच आरसा, दोन्ही बाजूंना ड्रॉवर, पाय थोडे बाकदार. रंग गडद तपकिरी, मधे काळसर पट्टे, आणि वर अशी चकाकी की हाताचे ठसे उमटवायला संकोच वाटावा. ड्रॉवरमध्ये मामींची कुंकवाची डबी, फणी, औषधं होती. आईंनी टेबलावरून हात फिरवला. मामींनी पुढे होऊन ड्रॉवरमधल्या वस्तू काढायला सुरुवात केली, एकेक, सावकाश.

"राहू द्या ना वहिनी, काय घाई आहे," आई म्हणाल्या.

"न्यायचंच तं आहे," मामी म्हणाल्या.

जेवायला चिन्नोर तांदळाचा भात, कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांची वडी आणि तुरीचं वरण. चिन्नोर शिजत असला की गल्लीतल्या लोकांना कळतं तुमच्याकडे पाहुणे आलेत. बालाघाटला गेलात आणि हा भात न खाता आलात तर जाऊन आलो असं कुणाला सांगू नका. येताना तांदूळही घ्या, बाजारात दाणा हुंगून घ्या, दुकानदाराला त्याचं काही वाटत नाही.

सकाळी तपासणी. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढला, उलटा केला. खालच्या अंगाला पॉलिश नसतं, लाकूड तिथे खरं बोलतं. आधी मला वजन खटकलं. मग भिंगातून पाहिलं: छिद्रं मोठी, प्रत्येकीभोवती फिकं कडं, डोळ्यांसारखी. अक्रोडाची बारीक असतात. रेषा एका बाजूला झुकून मग दुसऱ्या बाजूला. मी ब्लेडने थोडं खरवडलं आणि शिंकले. खरवडलेली पूड बघायला मामा वाकले, तेही शिंकले, धरणाच्या दोन्ही काठांना ऐकू जाईल असे. आई शिंकल्या. दारात उभ्या मामी पदर नाकाला लावूनही शिंकल्या.

शिरसाची, म्हणजे शिरीषाच्या झाडाची, पूड नाकाला झोंबते. अक्रोडाची अशी झोंबत नाही.

"काय गं?" आईंनी डोळे पुसत विचारलं. "काश्मीरचा का?"

आता खोटं बोलणं सोपं होतं, पगार मला जवळजवळ त्याचाच मिळायचा. पण ही बाई दोन दिवस बसून माझे नमुने नखाने, नाकाने तपासत आली होती. तिला मी आफ्रिकेचा अक्रोड चिकटवू शकले नाही.

"आई, हा शिरस आहे."

"शिरस म्हणजे थो? रस्त्यावरचा?" मामांनी विचारलं.

"हो, तोच. पण जुन्या व्यापारात त्याला 'ईस्ट इंडियन वॉलनट' म्हणायचे. लंडनला याच नावाने जायचा."

'पण'च्या पुढचं कुणी ऐकलं नाही. आई पलंगावर बसल्या. मग असं झालं की जे टेबल काल दोन बायका न बोलता एकमेकींकडून ओढत होत्या, ते दोघी एकमेकींकडे ढकलायला लागल्या.

"वहिनी, तुमीच ठेवा. तुमची सवय आहे."

"मी कुठं ठेवू? नागपूरले दोन खोल्या आहे. तुमचं तुमी न्या."

"तुमी इतकी वर्षं वापरलं."

"हौ. शिरस पुसत बसली मी."

मामा मधे काही बोलायला गेले, दोघींनी एकदम बघितल्यावर चहा सांगायच्या निमित्ताने बाहेर पडले. मीही त्यांच्या मागे. थोड्या वेळाने आई चप्पल घालून अंगणात आल्या आणि म्हणाल्या, "दादा, भरवेलीले चल."

भरवेली जवळ आहे, जीप बसस्टँडवरून सारखी सुटते, माणसं भरली की. भाडं किरकोळ, फक्त ड्रायव्हरच्या शेजारी बसाल तर गिअर बदलताना पाय सांभाळा. तिथे मँगनीजची मोठी खाण आहे. रस्त्याची धूळ काळपट, कामगारांच्या वसाहती, पाळी सुटली की सायकली आणि मोटारसायकलींची रांग. प्रेक्षणीय स्थळ म्हणून कुणी सुचवणार नाही, मी सुचवते. काळ्या खड्यांचे ढीग उन्हात चमकतात आणि टपरीवरचा समोसा गरम असतो.

एका जुन्या बंगल्याच्या कुंपणाशी आम्ही थांबलो. आई लहानपणी वडिलांबरोबर इथे आल्या होत्या. वडील कचेरीत कारकून, काही कामाने खाणीच्या इंग्रज साहेबाकडे आलेले. आतल्या खोलीत आईंनी ड्रेसिंग टेबल पाहिलं आणि साहेबाच्या बायकोने सांगितलं, वॉलनट. आईंना तो शब्द फार आवडला होता.

"घरी येऊन मी म्हटलं, माझ्या लग्नात मले असंच पाहिजे," आई म्हणाल्या. "आणि बाबांनी मले शिरस देऊन फसवलं."

मामा समोसा संपवत होते. त्यांनी हात झटकले.

"फसवलं नाई. तुले माहीत नाई, मी होतो सोबत. बाबांनी गोंदिया पाह्यलं, नागपूर पाह्यलं. अक्रोडाचं फळकूट कोणाजवळ नव्हतं. मंग इथंच आले, या बंगल्यात. तोवर थे साहेब गेलते, दुसरे आलते. बाबांनी खानसाम्याले इनंती केली, आत जाऊन टेबल पाह्यलं. ज्या मिस्त्रीनं बनवलं होतं त्याले शोधलं. त्यानं सांगतलं, साहेब लोक यालेच वॉलनट म्हणतात. झाड या कुंपणातलंच होतं."

आई कुंपणाशी सरकल्या.

"म्हणजे साहेबाच्या बायकोचं टेबलसुद्धा शिरसाचं," मी म्हटलं.

"तं काय. तिले कोण सांगन?" मामा म्हणाले. "बाबांनी जे तू पाह्यलं होतं थेच आणलं. बैलगाडीत घालून आणलं, मी मागं आरसा धरून बसलो होतो. घरी आल्यावर आपल्या आईनं विचारलं, हे अक्रोड आहे का? बाबा म्हणाले, सुमन म्हणते तं आहे."

कुंपणात अजूनही दोन शिरस उभे होते. पानं विरळ, वाळक्या शेंगा लोंबत होत्या आणि वारा आला की सगळं झाड खुळखुळत होतं. या आवाजावरून इंग्रजांनी झाडाला 'बाईची जीभ' असं नाव दिलंय. मी ते आईंना सांगितलं. त्यांनी वर बघितलं, बराच वेळ ऐकलं आणि म्हणाल्या, "साहेबाची बायको फार बोलत असेल." मग पदराने डोळे पुसले आणि दुसरा समोसा मागितला.

त्यानंतरच्या दिवशी हट्टा गावची बावडी, म्हणजे पायऱ्यांची विहीर, बघायला निघालो. आईंचे गुडघे दुखत होते, म्हणून मी आणि मामी. बावडी बघाच. जमिनीखाली उतरत जाणारे दगडी मजले, खांब, कोनाडे, आणि बाहेर ऊन असताना आत अंगावर काटा येईल असा गारवा. पायऱ्या शेवाळलेल्या आहेत, चप्पल हातात घ्या. खाण्यापिण्याचं तिथे काही नाही, मामींनी डब्यात पोळी आणि जवसाची चटणी आणली होती.

खाली पाण्याजवळच्या पायरीवर बसलो. दोन दिवसांत मामी माझ्याशी चहा-पाण्यापलीकडे काही बोलल्या नव्हत्या. आता पोळीचा तुकडा मोडत म्हणाल्या, "मी लग्न होऊन आली तई थे टेबल होतंच. सगळे म्हणत, सुमनचं टेबल. मी माझी डबी त्यावर ठेवली तं माझ्या सासूबाई म्हणाल्या, सुमनचं आहे, सांभाळून."

"मग?"

"मंग सांभाळलं. दर आठवड्याले जवसाचं तेल लावलं. तुमचे मामा म्हणत, विकून टाकू. मी म्हटलं, दुसऱ्याची वस्तू आहे." तुकड्याला चटणी लावत त्या म्हणाल्या, "जुना आरसा माकडांनी फोडला होता. खिडकीतून आले, स्वतःले पाह्यलं आणि दगडच मारला. मी लोकांचे ब्लाउज शिवून नवा आरसा बसवला. थे मी कोणाले सांगतलं नाई."

"म्हणजे आरसा तुमचा आहे."

मामी पाण्याकडे बघत होत्या. "हौ," म्हणाल्या. मग जरा मोठ्यांदा, बावडीत घुमेल असं, "आरसा माझा आहे."

परत आल्यावर घरात शिरल्याशिरल्या मामी आईंसमोर उभ्या राहिल्या. "सुमनबाई, लाकूड तुमचं. आरसा मी नागपूरले नेतो."

मला वाटलं आता भांडण होणार. आईंनी टेबलाकडे बघितलं, मामींकडे बघितलं. "वहिनी," त्या म्हणाल्या, "आरसा तुमीच नीट काढा. मले पेचकस धरता येत नाई."

मग पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर, मामींनी धरला आणि दोघींनी मिळून आरसा काढला. मामा सूचना देत होते, त्यांना पुन्हा चहा सांगायला पाठवलं. आरसा मामींच्या जुन्या नऊवारीत गुंडाळला. आईंनी पाठीमागच्या फळीवर बोट फिरवलं, तिथे तेल न लागलेलं लाकूड फिकं होतं, बाकीचं काळंभोर. "इतकं तेल," त्या म्हणाल्या. एवढंच. पण त्या संध्याकाळी दोघी एका ताटात मुरमुरे घेऊन अंगणात बसल्या, आणि आतापर्यंत ज्यांच्याबद्दल बोलणं राहिलं होतं अशा सगळ्या नातेवाइकांचा समाचार घेतला. मी आतून ऐकत होते. शिरसाला इंग्रजांनी दिलेलं नाव चुकीचं नाही.

टेबल सुटं करून धानाच्या तणशीत, म्हणजे भाताच्या पेंढ्यात, बांधलं, गोणपाट शिवलं आणि गोंदियापर्यंत टेम्पोने नेलं. पुढे गाडीच्या ब्रेकव्हॅनमधून, म्हणजे सामानाच्या डब्यातून. तुम्हाला असं काही न्यायचं असेल तर पाय वेगळे काढा, स्क्रू स्वतःच्या पिशवीत ठेवा, आणि हमाल 'नाजूक' या शब्दाचा अर्थ विचारेल तेव्हा चिडू नका. पुण्यात उतरवल्यावर तणशीतून दोन झुरळं आणि एक वैनगंगेकाठचा विंचू निघाला. विंचवाला नवऱ्याने रजा न घेता मारलं.

जिना तोच होता, पण या वेळी सुटे भाग वर चढले. टेबल आता आईंच्या खोलीत आहे. नवा आरसा बसवूया, असं मी दोनदा सुचवलं, आईंनी नको म्हटलं. केस त्या बाथरूममधल्या आरशात विंचरतात आणि टेबलावर फक्त पाण्याचा तांब्या ठेवतात, खाली जाड फडकं घालून. माझ्या कामात एवढाच फरक पडला की गिऱ्हाईकाला मी आता लाकडाचं खरं नाव आधी सांगते, व्यापारातलं नंतर. विक्री थोडी कमी झाली. मालकांना कारण अजून माहीत नाही, आणि ते ब्लॉग वाचत नाहीत.

नागपूरहून मामींचा फोन दर रविवारी येतो. पूर्वी मामाच बोलायचे. आता मामी फोन हातात घेतात. पोरीला सासरी पाठवलेल्या बाईसारखी टेबलाची चौकशी करतात: जागा कशी आहे, हवा मानवली का.

मागच्या उन्हाळ्यात एका रविवारी आई म्हणत होत्या, "नाई वो वहिनी, खिडकीजवळ नाई ठेवलं. ऊन लागत नाई." मग ऐकत राहिल्या. "हौ, लावलं. कालच लावलं." पुन्हा ऐकलं. मग फोन कानाला तसाच धरून त्या उठल्या, वायर पुरेल तितक्या खोलीत गेल्या, आणि ड्रॉवर उघडून बंद केला, पुन्हा उघडून बंद केला, पलीकडच्या बाईला आवाज ऐकू जावा म्हणून.